गोष्टीचा शेवट आणि पाहणाऱ्यांचे भांडण

२०१७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.त मी बसलो होतो. ऊन कलले होते, तरी खिडकीच्या पट्टीला हात लावायची सोय नव्हती. मागच्या बाकांवर आमच्या बोरी अरबची सात-आठ पोरे होती. सगळी ‘बाहुबली’चा दुसरा भाग पाहून परतत होती, आणि कडाकडा भांडत होती.

कटप्पाने बाहुबलीला मारले, त्याचे जे कारण सिनेमात दिले ते पटण्याजोगे आहे की नाही, यावर ते भांडण होते. एक उंच पोरगा म्हणाला, “दोन वरसं वाट पायली भाऊ, अन् उत्तर काय, तं म्हणे राणीनं सांगतलं म्हणून मारलं! हे काय उत्तर झालं?” दुसरा त्याच्यावर उसळला, “तुले समजलंच नाई. त्याच्या जागी तू असता तं काय केलं असतं?” तिसऱ्याला कारणाशी काही देणेघेणे नव्हते. बाहुबली हत्तीच्या सोंडेवरून वर चढतो ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, तेवढ्यावरच त्याचे तिकिटाचे पैसे वसूल झाले होते. चौथ्याचा राग शेवटच्या लढाईवर. तिथे ताडाची झाडे वाकवून सैनिक किल्ल्यात फेकतात. “माणसं काय गोफणीतले गोटे आहेत काय?” असे तो म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला.

पुढच्या बाकावर एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी मान वळवली. “लेकहो, मंग भीष्मानं काय केलं होतं? ज्या गादीचं मीठ खाल्लं, तिच्याकूनच लढला नं तो?” पोरे घटकाभर गप्प झाली, आणि बोरी येईपर्यंत पुन्हा तेच सुरू.

त्या दिवशी मी ही सारी करमणूक म्हणून ऐकली. आज मला त्या भांडणाबद्दल आपल्याशी थोडे गंभीरपणे बोलायचे आहे, कारण त्यानंतर आठच दिवसांनी माझ्या हातून एक चूक झाली. ती पुढे सांगतो.

आधी प्रकरण काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सगळ्यांनीच सिनेमा पाहिलेला असतो असे नाही, आणि शिक्षक मंडळींपैकी काहींनी तर मुद्दाम पाहिला नसेल. एस. एस. राजमौळी यांचा ‘बाहुबली’ मुळात तेलुगू आणि तमिळ भाषांतला. आपल्याकडे तो हिंदीतून आला. पहिला भाग लागला १० जुलै २०१५ रोजी. माहिष्मती नावाचे काल्पनिक राज्य, तिथले दोन चुलतभाऊ, एका सिंहासनावरचा त्यांचा हक्क आणि त्या सिंहासनाचा पिढीजात गुलाम कटप्पा. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी हा कटप्पा स्वतःच्या तोंडाने सांगतो की, बाहुबलीला मीच मारले. आणि पडदा पडतो! का मारले, हे पुढच्या भागात. तो पुढचा भाग आला २८ एप्रिल २०१७ रोजी. मी बोटे मोजून हिशेब केला आहे, मध्ये ६५८ दिवस गेले.

या ६५८ दिवसांत काय झाले ते आठवा. “कटप्पानं बाहुबलीले काऊन मारलं?” हा प्रश्न चहाच्या टपरीवर होता, कापसाच्या गाडीवर होता, लग्नाच्या पंगतीत होता. पोरांनी त्याची शेकडो उत्तरे तयार केली. कोणी म्हणाले, बाहुबली मेलाच नाही. कोणी म्हणाले, बाहुबलीनेच सांगितले असेल की मला मार. एकाने मला सांगितले होते की, कटप्पाला दोन तोंडे आहेत, आपण त्याचा जुळा भाऊ पाहिला! उत्तरे बावळट असतील, पण ती रचताना डोके चालत होते. एरवी निबंधाच्या दहा ओळी लिहिताना ज्यांना घाम फुटतो, तीच मुले एका गोष्टीच्या शेवटाची जुळवाजुळव दोन वर्षे करीत होती.

आणि मग सिनेमा आला. त्याच्यापाशी उत्तर एकच होते. ते बरे की वाईट हा प्रश्न नंतरचा. एक उत्तर आले, त्या क्षणी बाकीची सगळी मोडली. माझी अशी समजूत झाली आहे की, मालिकेच्या शेवटच्या सिनेमावर प्रेक्षक रुसतात, तेव्हा त्यांचा राग केवळ त्या दोन-अडीच तासांवर नसतो. प्रत्येकाने मनात आपापला एक शेवट बांधून ठेवलेला असतो, तो मोडल्याचे दुःख त्या रागात मिसळलेले असते. सिनेमाने कोट्यवधी रुपये मिळवले. जगभरची कमाई हजार कोटींच्या पुढे गेलेला हा पहिला भारतीय सिनेमा. तरी आमच्या एस.टी.त त्याच्याविषयी एकमत नव्हते, याचे कारण हेच असावे.

आता त्या उत्तराकडेच जरा बघू. “राणीनं सांगतलं म्हणून मारलं” हे त्या उंच पोराचे वर्णन अर्धेच खरे आहे. राजमाता शिवगामीला खोटेनाटे सांगून फसवले जाते. बाहुबलीला मारण्याची आज्ञा ती कटप्पाला करते. कटप्पा नकार देतो. तेव्हा ती त्याच्यापुढे पेच टाकते की, तू मारणार नसशील तर मी माझ्या हाताने मारते. म्हणजे कटप्पाने तलवार उचलली ती नुसत्या हुकुमापायी उचललेली नाही. आईच्या हातून लेकाची हत्या होऊ नये म्हणून त्याने ते पाप स्वतःच्या डोक्यावर घेतले. ज्यांच्या हे ध्यानात आले त्यांना उत्तर मोठे वाटले. ज्यांचे ध्यान त्या क्षणी दुसरीकडे होते, त्यांच्या हाती फक्त हुकूम आला. पुढच्या बाकावरच्या त्या आजोबांना तर सिनेमा न पाहताही उत्तर पटले होते, कारण त्यांच्या पदरी भीष्म होता. गादीला बांधलेला, मनातून पांडवांचा असलेला आणि कौरवांकडून लढणारा भीष्म ज्याने कीर्तनातून आणि पोथीतून ऐकला आहे, त्याला कटप्पा परका वाटत नाही. पोरांजवळ ते माप नव्हते. एकच शेवट, पण मोजणाऱ्यांची मापे निरनिराळी.

पण पोरांचे काहीच बरोबर नव्हते असे समजू नका. त्यांचे दोन आक्षेप मला आजही बिनतोड वाटतात. एक म्हणजे शिवगामीचा. पहिल्या भागात जी बाई दोन्ही मुलांना एकाच मापाने मोजते, भर दरबारात न्याय करते, तीच दुसऱ्या भागात एवढ्या सहज कानफुक्यांच्या नादी कशी लागते? दुसरा आक्षेप आमच्या कॉलेजातल्या एका मुलीने घेतला. वर्गाबाहेर थांबून तिने विचारले, “सर, अवंतिका कुठं गेली?” पहिल्या भागात तलवार घेऊन लढणारी, देवसेनेला सोडवायचे म्हणून जीव धोक्यात घालणारी अवंतिका दुसऱ्या भागात शेवटी-शेवटी उभी असलेली दिसते, एवढेच. मी त्या मुलीला म्हणालो, देवसेनेची गोष्ट मोठी झाली, म्हणून हिची लहान झाली असेल. ती म्हणाली, “दोघींची मोठी करता आली नसती का?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. हॅरी पॉटर हे नाव आपल्या शाळांतून आता नवे राहिलेले नाही. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची जादूगार मुलाची ही कादंबरीमालिका १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात पुस्तकांत पुरी झाली, आणि तिची मराठी भाषांतरेही निघाली. तिच्यावरचे आठ सिनेमे २००१ पासून २०११ पर्यंत आले. शेवटच्या एका पुस्तकाचे दोन सिनेमे केले, दुसरा १५ जुलै २०११ रोजी लागला. पहिल्या सिनेमात अकरा-बारा वर्षांची दिसलेली मुले शेवटच्यात पुरी मोठी झालेली, आणि त्यांच्याबरोबर पाहणारी मुलेही तशीच मोठी झालेली. असा निरोप पडद्यावर फारसा घडलेला नाही. कित्येक जण खेळ संपल्यावर डोळे पुसत बाहेर पडले.

आणि त्यांच्यातलेच कित्येक जण चिडलेले होते! पुस्तकात हॅरी आणि दुष्ट वोल्डेमॉर्ट यांचा अखेरचा सामना शाळेच्या मोठ्या दालनात, साऱ्यांच्या देखत होतो. हॅरी त्याला शांतपणे त्याची चूक समजावून सांगतो, आणि मग तो मरून पडतो, साध्या माणसासारखा. त्याचे प्रेत जमिनीवर पडलेले लोक पाहतात. सिनेमात ते दोघे किल्ल्याच्या भिंतींवरून उडत, कोसळत, बाहेरच्या अंगणात एकटेच लढतात आणि शेवटी वोल्डेमॉर्टची राख होऊन वाऱ्यावर उडून जाते. दिसायला फारच देखणे. पण ज्याने पुस्तक वाचले होते त्याला ठाऊक होते की, मरणाला जिंकायला निघालेला माणूस शेवटी चारचौघांसारखे प्रेत झाला, हाच तर त्या गोष्टीचा गाभा. राखेत तो गाभा उडून गेला. आणखी एक लहानशी गोष्ट. पुस्तकात हॅरी त्या सर्वशक्तिमान कांडीने आधी आपली मोडलेली जुनी कांडी दुरुस्त करून घेतो. सिनेमात तो मोठी कांडी मोडून फेकतो, आणि जुनीचे नावही काढत नाही. पुस्तक न वाचलेल्याला यात काही खटकत नाही. वाचलेला मात्र खुर्चीत चुळबुळ करतो. स्नेप नावाच्या मास्तरांच्या आठवणींचा भाग मात्र दोघांनाही आवडला. त्या मास्तरांना आयुष्यभर साऱ्यांनी वाईट समजले होते. आम्हा मास्तर लोकांना तो भाग विशेष जवळचा वाटावा, यात नवल नाही!

टोल्किन यांच्या ‘हॉबिट’चे दुःख निराळे. १९३७ सालचे हे मुलांचे आटोपशीर पुस्तक. त्याचे २०१२, २०१३ आणि २०१४ असे तीन वर्षांत तीन सिनेमे केले. तिसऱ्यात लढाई संपता संपत नाही. ज्यांना पुस्तक प्रिय होते त्यांनी बोट ठेवले ते याच्यावर, पावशेर दुधात तीन शेर पाणी घातल्यावर. यात व्यापाराचा भाग आहे, हे उघड आहे. शेवट जितका लांबेल तितकी तिकिटे जास्त.

येथे शिक्षक बंधुभगिनींना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, आणि शेतकरी मंडळींना ती आमच्याहून लवकर कळेल. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकाचे पाच सांधे सांगितले आहेत. शेवटचा तो निर्वहण. त्यात अद्भुत रस हवा, म्हणजे पाहणाऱ्याला शेवटी आश्चर्य वाटले पाहिजे, असेही सांगितले आहे. आणि नाटकाची रचना कशी असावी, तर गाईच्या शेपटीच्या टोकासारखी! जुन्या टीकाकारांनी याचे दोन अर्थ लावले. एक अर्थ असा की, शेपूट जशी टोकाकडे बारीक होत जाते तसे नाटकाचे भाग आटोपते व्हावेत. दुसरा मला अधिक आवडतो. शेपटीच्या गोंड्याचे केस पाहा, काही आखूड, काही लांब. तसे कथेतले काही धागे लवकर संपावेत, काही मध्ये, आणि अगदी मोजके तेवढे टोकापर्यंत जावेत.

आता हे माप शेवटच्या सिनेमाला लावून पाहा. दहा वर्षे, आठ भाग, पन्नास पात्रे, आणि सगळ्यांचे धागे राखून ठेवलेले एका शेवटच्या दिवसासाठी! मग कोणाला पुरेसा वेळ मिळणार? अवंतिका मागे उभी राहते, आणि जुनी कांडी विसरली जाते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवटचा सिनेमा २००३ साली आला. त्याला अकरा ऑस्कर मिळाली, तरीही लोक म्हणाले की, हा संपतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा संपतो, उठावे की बसावे तेच कळत नाही. सगळे केस एकाच लांबीचे झाले की शेपटीचा झाडू होतो, दुसरे काय!

आपल्या देशात शेवटावरून तर संपदेखील झालेला आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाली. त्या वेळी मी अगदी लहान होतो, पण रविवारी सकाळी ज्या एका घरी टी.व्ही. होता तिथे ओसरीवर, अंगणात, कुडावर माणसे बसलेली मला आठवतात. पडद्याला हार घालीत असत. १९८८ च्या जुलैत ती संपली, ती रामराज्याभिषेकावर. सीतेचा त्याग, लव-कुश, यातले काही नाही. तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला, पुढची कथा दाखवा म्हणून, आणि तो संप उत्तरेकडच्या आणखी काही गावांत पसरला. पुढे लव-कुशांची कथा दाखवणारी स्वतंत्र मालिका आली. वाल्मीकी हा आपला पूर्वज असे मानणाऱ्या त्या कामगारांना, आपल्या ऋषीचा आश्रम ज्या भागात येतो तोच भाग गाळला जातो, हे कसे सोसावे? म्हणजे शेवट कुठे करायचा यात कोणाची गोष्ट सांगितली जाते आणि कोणाची राहून जाते, हाही प्रश्न असतो.

आणि ही पुस्तिका रेडिओची आहे, तेव्हा ‘गीतरामायण’ विसरून कसे चालेल? पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीते. वर्षभर लोक पुढच्या गीताची वाट पाहत. माडगूळकरांनी सीतेला वनात सोडल्याचे गीत लिहिले, पण ती धरणीत गेल्याचे लिहिले नाही. शेवटच्या गीतात वाल्मीकी लव-कुशांना रामायण गायला सांगतात. पहिल्या गीतात ती मुले रामापुढे गात असतात. म्हणजे शेवट फिरून आरंभाला येऊन मिळतो. धरणीभंगाच्या त्या दुःखाला कवीने दारातूनच परत पाठवले.

हे धाडस फार पूर्वी करणारा एक माणूस मात्र आपल्या विदर्भातला. भवभूती. आठव्या शतकातला हा नाटककार आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत स्वतःचे मूळ गाव पद्मपूर असल्याचे सांगतो, आणि नागपूरचे थोर पंडित महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गाव म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे दाखवून दिले. पूर्वी भंडाऱ्यात होते, आता गोंदिया जिल्ह्यात आहे. वाल्मीकींच्या रामायणात सीता पुन्हा शपथ घ्यायला बोलावली जाते, धरणीला हाक मारते आणि तिच्या पोटात निघून जाते. राम हात चोळत राहतो. हा शेवट साऱ्या देशाला पाठ होता. भवभूतीने ‘उत्तररामचरित’ लिहिले आणि शेवट बदलला!

कसा बदलला ते पाहण्यासारखे आहे. सातव्या अंकात गंगेच्या काठी एक नाटक होते. ते रचले वाल्मीकींनी, आणि पाहायला बसला आहे खुद्द राम. नाटकातले नाटक. रंगमंचावर टाकून दिलेली सीता, तिची नुकतीच जन्मलेली मुले, तिला सावरणाऱ्या गंगा आणि पृथ्वी. राम विसरतो की हे नाटक आहे. तो मध्येच बोलू लागतो, लक्ष्मण त्याला समजावतो की, दादा, हे नाटक आहे. शेवटी राम बेशुद्ध पडतो. मग अरुंधती खरोखरच्या सीतेला घेऊन पुढे येते, ती त्याला शुद्धीवर आणते आणि दोघांची व मुलांची भेट होते. विचार करा. आपल्याच गोष्टीचा शेवट सहन न होऊन बेशुद्ध पडणारा प्रेक्षक, आणि त्याच्यासाठी बदललेला शेवट, हे आमच्या विदर्भातल्या माणसाने बाराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. त्याच्या काळातही नाके मुरडणारे होतेच. ‘मालतीमाधवा’त त्याने त्यांना सुनावले आहे की, माझा उद्योग तुमच्यासाठी नाही, काळ अनंत आहे, माझ्यासारखा कोणीतरी पुढे जन्मेल.

आता माझी चूक.

त्या एस.टी.तल्या पोरांत एक मुलगा होता, तो भांडणात बोलला नव्हता. नववीत गेला होता. उन्हाळ्याच्या सुटीत तो माझ्याकडे संध्याकाळी मराठी शिकायला येई. आठ दिवसांनी त्याने माझ्यापुढे एक वही ठेवली. कव्हर फाटलेली, आधीच्या वर्षाच्या गणिताची उरलेली पाने. त्यात त्याने बाहुबलीचा निराळा शेवट लिहिला होता. अकरा पाने, पाठपोट. मी पहिले पान पाहिले. ‘कटप्पा’ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले होते, ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नव्हता. मी वही मिटली आणि म्हणालो, “हे सिनेमाचं खूळ पुरे. पुढच्या वर्षी दहावी आहे. व्याकरणाची वही काढ.” त्याने काढली. तो मुकाट मुलगा, काही बोलला नाही. त्यानंतर त्याने मला काही लिहिलेले दाखवले नाही. मला ते खटकलेही नाही, खरे सांगायचे तर.

दोन वर्षांनी मी कॉलेजात ‘उत्तररामचरिता’चा परिचय करून देत होतो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “पाहा, पटला नाही तो शेवट भवभूतीने बदलला, यालाच प्रतिभा म्हणतात!” आणि वाक्य पुरे होता होता मला ती गणिताची वही आठवली. पुढचे काय बोललो ते ठाऊक नाही, तास कसाबसा संपवला.

मी त्या पोराला भवभूती म्हणत नाही. अकरा पाने लिहिल्याने कोणी भवभूती होत नाही. पण शेवट आवडला नाही म्हणून कुरकुर करणारे शंभर असतात, आणि बसून दुसरा लिहून काढणारा त्यांच्यात एखादाच. तो माझ्या ओसरीवर आला होता.

शिक्षक मंडळींना मी एवढेच सुचवतो की, मुले सिनेमावरून भांडत असली तर एक तास त्या भांडणाला द्यावा. ‘आवडला की नाही’ एवढ्यावर सोडू नये, कारण तिथे गलका होतो आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. कोणता प्रसंग खटकला ते विचारावे. त्या पात्राने आधीच्या भागात काय केले होते, त्याच्याशी हे जुळते का, ते विचारावे. पुस्तक वाचून आलेला आणि न वाचता आलेला, यांना शेजारी बसवावे. वेताळपंचविशीत वेताळ प्रत्येक गोष्ट सांगून झाल्यावर राजा विक्रमाला विचारतोच की, यात दोष कोणाचा? आमच्या पिढीने ते ‘चांदोबा’त महिन्याच्या महिन्याला वाचले आहे. म्हणजे ऐकणाऱ्याने गोष्ट संपताच तोंड उघडावे, अशीच आपल्याकडे वहिवाट आहे. ते तोंड मी एकदा बंद केले, म्हणून हा आग्रह.

मध्यंतरी २०२१ साली बाहुबली मराठी बोलू लागला. दूरचित्रवाणीवर त्याला डॉ. अमोल कोल्हे यांचा आवाज होता. मग २०२५ च्या ऑक्टोबरात दोन्ही भाग जोडून, काटछाट करून एकच मोठा सिनेमा पुन्हा लावला. आमच्या घरातल्या एका लहान मुलीने तो पहिल्यांदाच पाहिला. मी मोठ्या उत्सुकतेने विचारले, कटप्पाचे कारण पटले का? तिने खांदे उडवले आणि म्हणाली, “हो, त्यात काय?” तिने वाटच पाहिली नव्हती. प्रश्न आणि उत्तर एकाच बैठकीत, मध्ये शेंगा खाण्यापुरता वेळ. ज्यांनी ६५८ दिवस मोजले त्यांचा राग तिला कुठून समजणार?

तो वहीवाला मुलगा आता चाकणला एका कारखान्यात आहे. मागच्या दिवाळीत बोरीच्या स्टँडवर भेटला. पाया पडला. मी धीर करून विचारले, “तुझी ती वही आहे का रे?” त्याला चटकन आठवले, याचेच मला जास्त वाटले. “ते कवाचंच रद्दीत गेलं, सर.” मी म्हणालो, सांग तरी काय लिहिलं होतंस. आधी लाजला, मग उभ्या-उभ्या सांगू लागला. त्याचा कटप्पा शिवगामीचे ऐकून घेतो, तलवार म्यानातून काढतो आणि तिच्यापुढे ठेवतो. मारायचा असेल तर तुम्हीच मारा, मी आडवा येणार नाही आणि मदतही करणार नाही. आणि मग तलवार हातात घेतल्यावर शिवगामीला मुलाच्या लहानपणचे काहीतरी आठवते. मी म्हणालो, तलवार घेण्याआधीच तिला आठवले तर बरे नाही का? तो म्हणाला, “नाई सर, मंग त्यात मजाच काय रायली? तिच्या हाताले ते वजन लागलं पायजे.” मी म्हणालो, पण मग बाहुबली वाचला तर पुढची सगळी गोष्टच उरत नाही. त्याने त्याचाही विचार केला होता. आम्ही दारव्ह्याची गाडी येईपर्यंत बोलत होतो, आणि ती आली तेव्हा त्याने पुढच्या गाडीने जाईन म्हणून सांगितले.